कायकॅडमध्ये व्ह्यू जपून ठेवा

चार लेअरच्या (थरांच्या) सर्किट बोर्डावर दरवेळी लेअर एकेक करून बंद-चालू करणाऱ्यांकडे बघून माझंच बोट दुखतं. कायकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या पीसीबी (सर्किट बोर्ड) एडिटरमध्ये उजवीकडे अपिअरन्स पॅनल आहे. हवे तेवढेच लेअर दिसू द्या, मग खालच्या प्रीसेट (म्हणजे जपून ठेवलेली लेअरची निवड) यादीत 'सेव्ह प्रीसेट' निवडून नाव द्या. मी 'फक्त सिल्क' (बोर्डावर छापलेली अक्षरं-खुणा), 'खालचं तांबं' अशी नावं देते. 'टेस्ट १' लिहाल तर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही. कंट्रोल-टॅबने प्रीसेट बदलतात. व्ह्यूपोर्ट मात्र वेगळा: तो झूम आणि जागा लक्षात ठेवतो, लेअर नाही. ही सोय आवृत्ती ७ पासूनची. यूएसबी कनेक्टरचा कोपरा मी असाच ठेवते. दोन्ही प्रोजेक्ट फाइलमध्ये जातात, म्हणून सहकाऱ्याला नुसती बोर्ड फाइल पाठवू नका.