एका झटक्यात सुटणारा घागरा

1990 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बर्लेस्क (नाचत, विनोद करत पोशाख उतरवायचा रंगमंचीय प्रकार) नव्याने उभं राहिलं आणि भडक संगीत-चित्रपटांतली झटक्यात पोशाख उतरवायची करामत पुन्हा रंगमंचावर आली. गॅदरिंगला ती करायची तर सगळा जीव कंबरपट्टीत असतो.

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर. तिथलं जाड टेरिकॉट पट्टीला उत्तम, ताणत नाही. गाताना पोट फुगतं, म्हणून छातीभर श्वास घेऊन माप घ्या. त्यात 7 सेंमी वाढवा: 4 पट्टीची टोकं एकावर एक चढायला, 3 शिवणीला. आत बकरम, म्हणजे कडक अस्तर, हवंच.

कंबरेला एकाखाली एक दोन मोठी टिचबटणं, खाली गुडघ्यापर्यंत दर 8 सेंमीवर एक. जवळजवळ लावली तर निम्मी सुटतात, निम्मी अडकतात. हूक नको, ताणाखाली निघत नाही. वेल्क्रोचा चर्र आवाज माईक पकडतो.

टिचबटण आडव्या ओढीला धरून राहतं, कड उचलली की सुटतं. म्हणून वरच्या कडेला आतून नाडीचा फास शिवा आणि बोट घालून पुढे खेचा, बाजूला नाही. प्रत्येक भोकात दुहेरी दोऱ्याचे चार टाके घाला, नाहीतर बटणच उपटून येतं.