काही लागलं तर सांग, असं म्हणण्याआधी

दाजींचा आजार आता बरा होणारा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या रात्री पुण्याहून ताईला फोन केला आणि म्हणालो, "काही लागलं तर सांग." पुढचे तीन आठवडे रोज तेच म्हणत होतो. तिने एकदाही काही सांगितलं नाही. मग साताऱ्याला गेलो तर ताई ओट्याशी उभी राहून सकाळची पोळी दुपारी चारला खात होती, आणि गॅसवर दाजींची पेज होती. ज्याच्या घरात असं दुखणं आहे त्याला काय लागतंय हे आठवायलासुद्धा सवड नसते. म्हणून ही यादी आजारी माणसाची नाही. त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोची किंवा नवऱ्याची आहे, आणि ती भावाबहिणींनी, मित्रांनी उरकायची आहे.

पहिलं काम फोनचं. ताईला दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे आणि प्रत्येकाला स्वादुपिंडाच्या कॅन्सरची कथा पहिल्यापासून सांगावी लागायची. घरातल्या एकाने हे अंगावर घ्यावं. रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर चार ओळी टाकाव्या, खाली लिहावं की फोन मला करा. भेटायला येणाऱ्यांची वेळही ठरवून टाका. आम्ही चार ते सहा ठेवली होती. येणारा मोसंबी घेऊन येतो, तासभर बसतो, आणि ताईला चहा टाकावा लागतो. फ्रीजमध्ये मोसंबीचा ढीग आणि खायला कोणी नाही. शेवटी मी सरळ सांगायला लागलो, चहा येणाऱ्याने करायचा आणि एक कप ताईला द्यायचा. दोन मावश्या रागावल्या. चालतं. कोणी अमक्या गावच्या वैद्याची पुडी घेऊन आला, तर त्याला अंगणात घेऊन जाऊन तुम्हीच ऐकून घ्या. ताईच्या कानावर ते गेलं की "आपण हे करून पाहिलं नाही" ही टोचणी तिच्याच मनात राहते.

दुसरं, एक शंभर पानी वही. किती वाजता कोणती गोळी दिली, दुखणं दहापैकी किती, शौचाला झालं का, इतकंच लिहायचं. ताई सगळं डोक्यात ठेवत होती, त्यामुळे तिच्याशिवाय कोणाला काही देता येत नव्हतं. वही झाली आणि पहिल्यांदा ती सहा तास सलग झोपली. आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी वाटून घ्याव्यात. "मी येऊ का?" असं विचारायचं नाही, "मंगळवारी रात्री मी आहे" असं कळवायचं.

मॉर्फिनबद्दल तुम्ही स्वतः आधी माहिती करून घ्या, कारण हे नाव ऐकलं की घर हादरतं. कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतलं तर हे नेहमीचं औषध आहे. साध्या गोळीचा असर साधारण ४ तास राहतो, म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळावर द्यायची. बद्धकोष्ठ हमखास होतं, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. २०१४ साली कायदा बदलून हे औषध मिळणं थोडं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. कुठे मिळतं हे गोळ्या संपण्याआधी आठवडाभर विचारून ठेवा. पॅलिएटिव्ह केअरवाल्या, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांचा नंबरही आत्ताच मिळवा, शेवटच्या आठवड्यात नाही. अशी काळजी घेणाऱ्या संस्थाही आहेत: मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे.

अंथरूण, एअर बेड, युरिन पॉट, टेकून बसायचा बॅकरेस्ट हे विकत घेण्याआधी गावात रुग्णोपयोगी साहित्य देणारी संस्था शोधा. बहुतेक शहरांत नाममात्र भाड्यावर मिळतं. दर दोन तासांनी कूस बदलायला माणसं दोन लागतात, एकट्या ताईची कंबर जाते.

जेवणावरून ताईचा जीव सगळ्यात जास्त तुटायचा. दाजी दोन चमचे ताक घेऊन तोंड फिरवायचे, आणि कोणीतरी म्हणायचं, "पोटात काही गेलं नाही तर ताकद कशी येणार?" या टप्प्यावर भूक आजारच मारतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ताईसमोर वदवून घ्या. आपण सांगून पटत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो. ओठ ओल्या कापसाने पुसत राहायचे, तेवढं पुरतं.

कागदपत्रांचा विषय काढायला धीर होत नाही, पण दाजींनी तो स्वतःच काढला. फोनचा पिन हवा, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. पिन निघाला त्यांच्या पहिल्या बजाज स्कूटरचा नंबर. ताई म्हणाली, "मला वाटलं लग्नाची तारीख असेल," आणि त्या महिन्यात आम्ही तिघं पहिल्यांदा मोठ्याने हसलो. खातं दोघांच्या नावे आणि हयात असलेल्याला चालवता येईल असं आहे का, विम्याला, पीएफला नॉमिनी कोण, हप्ते कशातून कापले जातात, हे बघून घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र हवं. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. सही करताना माणूस शुद्धीत होता असं डॉक्टरांचं पत्र जोडलं तर पुढे कटकट कमी.

याहून अवघड प्रश्न, श्वास लागला तर आयसीयूत न्यायचं का? दाजींना नको होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवण्याला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कागद झाला नाही तरी बोलणं झालेलं असावं, आणि ते ताईखेरीज आणखी दोघांनी ऐकलेलं असावं. नाहीतर ऐन वेळी मुंबईचा चुलतभाऊ फोनवरून ओरडतो, "अजून घरी का ठेवलंय?" आणि उत्तर ताईने द्यायचं. शेवटी श्वासात घरघर येते, मध्ये मध्ये खंड पडतो, हातपाय गार होतात, हे तिला आधी सांगा. नाहीतर घाबरून हात १०८ कडे जातो.

घरी मृत्यू झाला तर दाखला कोण डॉक्टर देणार, रात्री दोनला येणार का, हे विचारून ठेवा. स्मशानात तो लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, आणि त्यावरून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती दहा-बारा तरी घ्यायच्या. ही सगळी धावपळ ताईची नाही.

तेराव्याला घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी चपलांची रांग संपते. म्हणून पहिल्या महिन्यात कोणत्या रात्री कोण मुक्कामाला जाणार हे आधीच ठरवा. ताई पुढे कितीतरी दिवस मधल्या गोळीच्या वेळेला, दोनच्या ठोक्याला उठून बसायची.

एअर बेड परत करणं आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या जिथून आणल्या तिथे मोजून देणं, ही कामं तुम्ही करा. वही मात्र रद्दीत टाकण्याआधी विचारा. आमच्याकडे ती ताईने ठेवून घेतली.