डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिले सहा आठवडे कसे काढायचे

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आंघोळीलासुद्धा अंगात त्राण नाही, असं असेल तर ते क्लिनिकल डिप्रेशन असू शकतं आणि "मन रमव कशात तरी" असं सांगणाऱ्यांचं ऐकत बसू नका, सायकियाट्रिस्ट गाठा. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. डॉक्टर थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, ते करून टाका. कधीकाळी झोप न घेता दिवसेंदिवस भन्नाट उत्साहात होतात, पैसे उधळले, असं झालं असेल तर तेही सांगाच, कारण बायपोलर (कधी खोल उदासी, कधी असा बेफाम उत्साह, असा आजार) असेल आणि नुसतं अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनची गोळी, दिलं तर मॅनिया, म्हणजे तो बेफाम उत्साह, उसळू शकतो. आजार सौम्य असेल तर कधीकधी गोळीशिवाय नुसत्या थेरपीवर, म्हणजे तज्ज्ञाशी ठरावीक वेळी बोलून घ्यायच्या उपचारावरही भागतं.

आता खरी अडचण. गोळी सुरू झाली की त्रास आधी होतो आणि फायदा नंतर, हे कोणी नीट सांगतच नाही! एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी गोळी असेल तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, उगाच अस्वस्थ वाटणं, झोप उडणं हे होऊ शकतं आणि मूड मात्र तिथेच. मला सगळ्यात जड हाच काळ गेला, कारण आधीच वाटत असतं की आपलं काही बरं होणार नाही आणि त्यात गोळीनेही काही होत नाहीये असं दिसतं. पण साधारण दोन ते चार आठवड्यांनी थोडा फरक पडायला लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा आठवडेही लागतात. दहाव्या दिवशी "ही गोळी मला सूट होत नाही" असं स्वतःच ठरवून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा, डोस किंवा वेळ बदलता येते. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची का ते विचारा. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र आपोआप जाईलच असं नाही, लाजू नका, सांगा, गोळी बदलून मिळते.

घरचे म्हणतील सवय लागेल. अँटीडिप्रेसंटची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागू शकते ती सोबत कधीकधी थोड्या दिवसांसाठी देतात त्या क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची, म्हणून त्या किती दिवस घ्यायच्या हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या आणि मेडिकलमधून परस्पर आणत राहू नका. या काळात दारू बंद.

सुरुवातीला आणि डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात, पंचविशीच्या आतल्यांनी जास्तच जपायचं. घरातल्या एका तरी माणसाला हे आधी सांगून ठेवा आणि गोळ्यांचा साठा त्यांच्याकडे द्या. विचार आलेच तर एकटं थांबायचं नाही, १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. काही करून घेण्याची भीती वाटत असेल तर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

हे आठवडे काढताना मूड येण्याची वाट बघू नका, तो आधी येत नाही. आदल्या रात्री एकच काम ठरवा, दात घासून खाली गेटपर्यंत जाऊन येणं एवढंच, आणि मन असो नसो, ते करा. झालं की कॅलेंडरवर खूण करा, झोप किती झाली तेही लिहा, कारण सुधारणा आपल्याला शेवटी कळते, घरच्यांना आणि त्या कॅलेंडरला आधी दिसते.

बरं वाटायला लागलं की गोळी सोडायचा मोह होणारच. पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने घ्यायची, आजार परत परत येत असेल तर आणखी जास्त. एकदम तोडली तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, चिडचिड, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणून डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्या. आणि उतरवल्यावर पुन्हा पहाटे तीनला जाग यायला लागली, फोन उचलावेसे वाटेनासे झाले, तर त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.