जुना हॉट टब चालू करताय? आधी या चुका टाळा

घोडबंदर रोडची पेंटहाउसं घ्या किंवा खारघर-नेरुळची रो-हाउसं, हौसेनं बसवलेले आणि मग वर्षानुवर्षं बंद पडलेले हॉट टब जागोजागी सापडतात. घरात त्याला जकूझीच म्हणतात आणि बहुधा त्यावर कुंड्या मांडलेल्या असतात. असा टब पुन्हा चालू करायचा ठरला की पहिलं काम काय, तर ऑनलाइन पार्ट मागवणं. बिघाड काय आहे ते नंतर बघू!

पाणी तापत नाही, म्हणून नवा हीटर येतो. तो बसतो, तरी पाणी थंडच. पॅनलवर ‘एफएलओ’ दिसत होतं ते कुणी वाचलेलंच नसतं. हीटरच्या नळीतून पुरेसं पाणी वाहत नसेल तर कंट्रोल बोर्ड हीटरला वीज देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिल्टर काढून टब पाच मिनिटं चालवा. एरर गेला तर दोष फिल्टरचा. नाही गेला तर पाण्याची पातळी, दोन्ही गेट व्हॉल्व्ह आणि पंपात अडकलेली हवा बघा, मग फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का ते ओळखणारा स्विच. हीटरवर संशय घ्यायचाच असेल तर मेन बंद करून त्याच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. २४० व्होल्ट, ५.५ किलोवॉटचा एलिमेंट साडेदहा ओहमच्या आसपास दाखवतो, २३० व्होल्टचा ३ किलोवॉटचा साधारण साडेसतरा. आकडा बरोबर आला तर एलिमेंट तुटलेला नाही. त्याचा करंट नळीत गळतोय का, हे वायरमनच्या ५०० व्होल्ट मेगरनंच (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनंच) कळतं.

आता सगळ्यात महागडी चूक. अमेरिकन टबच्या स्टिकरवर २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि चार वायरी लिहिलेल्या असतात: लाइन १, लाइन २, न्यूट्रल, अर्थ. तिथे दोन लाइनींमध्ये २४० आणि प्रत्येक लाइन ते न्यूट्रल १२० व्होल्ट मिळतात. आपल्याकडे बंगल्याला महावितरणचं थ्री-फेज असतं. वायरमन ‘दोन लाइन’ वाचतो आणि दोन फेज देऊन मोकळा होतो. आपल्या दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात.

घोडबंदरच्याच एका बंगल्यात सेकंडहँड टबला अशी जोडणी झाली. एमसीबी वर केला आणि बोर्डावरचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) फटाक्यासारखा फुटला, ट्रान्सफॉर्मर काळा पडला, पाण्यात ओझोन सोडून ते स्वच्छ ठेवणारा ओझोनेटर गेला. इथवर ठीक, चुका होतात. पण मालकांना शनिवारच्या पार्टीची घाई. त्यांनी तसाच दुसरा बोर्ड मागवला, त्याच वायरींवर बसवला आणि तोही मिनिटभरात गेला. त्या दोन बोर्डांच्या मध्ये कुणीतरी टर्मिनलवर मीटर टेकवला असता तर निम्मा खर्च वाचला असता.

इथे एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे २३० व्होल्टच द्यायचे. १२० व्होल्टवर चालणारे ओझोनेटर, छोटा सर्क्युलेशन पंप, कधीकधी ब्लोअर, हे सगळं काढून २३० चं लावायचं. खरं सांगायचं तर जुन्या बोर्डाशी झटापट करण्यापेक्षा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पूर्ण कंट्रोल पॅक घेतलेला बरा. पंपाच्या नेमप्लेटवर ५०/६० लिहिलेलं असेल तरच तो ठेवा. फक्त ६० चा पंप इथे मिनिटाला ३४५० ऐवजी २८५० च्या आसपास फिरतो, जेटचा दाब जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो आणि मोटर मात्र जास्त तापते. पाच किलोवॉटचा हीटर एकटाच २२ अँपिअर खातो. त्यामुळे ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. मंजूर लोड पुरतो का, तेही बिलावर बघून घ्या.

हा आरसीसीबी (वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतो) सारखा पडतोय म्हणून बायपास करणारे लोक आहेत. पाण्यात बसणार तुम्ही, आणि काढून टाकताय तेच एक उपकरण जे तुम्हाला वाचवणार! मेन बंद करून एकेक भाग सोडवत जा: आधी हीटर, मग ओझोनेटर, ब्लोअर, शेवटी पंप. ज्याला सोडवल्यावर आरसीसीबी टिकतो, तो चोर. पहिल्या पावसानंतरच पडायला लागला असेल तर आधी ब्लोअर आणि वायरींचे जोड बघा. सगळं सोडवूनही पडत असेल तर टबचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडलेला सापडेल.

दुसरी लाडकी चूक म्हणजे फोम. थंड देशांतले व्हिडिओ बघून लोक कॅबिनेटमध्ये पीयू फोमचे कॅन रिकामे करतात. तिकडे बाहेर बर्फ असतो. ठाण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा २७-२८ अंश असतात. बंद कॅबिनेटमध्ये मोटरची उष्णता कोंडते, हीटर बंद असूनही पाणी ४० च्या वर चढतं आणि ४० ही वापराची कमाल मर्यादा आहे. शिवाय पुढे गळती झाली की ओला, कुबट फोम ब्रेड कापायच्या सुरीनं उकरत बसायचं. इथे पैसे घालायचे ते चांगल्या झाकणात आणि हवा खेळण्यात. कॅबिनेटच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या करा. जाळी बारीक घ्या, नाहीतर कंट्रोल बॉक्सच्या उबेला पाल येऊन बसते आणि बोर्डावर चिकटून मरते.

गळती शोधायला फोम सरसकट फोडायचीही गरज नाही. पंप बंद करून पाणी उतरू द्या. ज्या पातळीला ते थांबेल त्याच उंचीवर गळती शोधायची. पंप चालू असतानाच गळत असेल तर पंपाच्या पुढची, दाबाची बाजू बघा.

पाइप आणताना दुकानात नुसतं ‘दोन इंची’ म्हणू नका. टबचा पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटर असतो, आपला शेतीचा प्रेशर पाइप ६३, आणि घरगुती गरम पाण्याचा दोन इंची सीपीव्हीसी ५४. हे तिन्ही एकमेकांत बसत नाहीत. प्लंबर मात्र तापवून, ठोकून बसवतो आणि वर पुट्टी फासतो. यूपीव्हीसी शेड्यूल ४० किंवा ८० (हा पाइपच्या जाडीचा वर्ग) मागा, व्हर्नियर कॅलिपर लावून बाहेरचा व्यास बघा. सॉल्व्हंट लावल्यावर पाव फेरी फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा आणि दाब द्यायला २४ तास थांबा. संध्याकाळीच टब भरायचा हट्ट असेल तर दुसऱ्या दिवशी तोच जोड पुन्हा करावा लागेल.

युनियन, म्हणजे पाइपचे उघडता येणारे आट्यांचे जोड, पान्यानं आवळू नका, हातानं पुरतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीननं रबर फुगतं.

पंप गुणगुणतो पण फिरत नाही? मोटर जाळण्याआधी कपॅसिटर तपासा. पंपाखाली थेंब दिसले तर सील त्याच आठवड्यात बदला, नाहीतर पुढचं बेअरिंग गंजून आवाज करायला लागेल. नव्या सीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही.

सोसायटीच्या टाकीतली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टबात टाकू नका, तिचा गाळ हीटरवर बसतो. पूलच्या ट्रायक्लोर गोळ्याही नकोत, त्या पाणी आम्लधर्मी करतात आणि ॲक्रिलिकचा रंग उडवतात. ही दोन्ही एका डब्यात तर कधीच नाही, आग लागते. डायक्लोर नावाची क्लोरीन पावडर वापरा. क्लोरीन ३ ते ५ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी हार्डनेस तपासा.

आणि टब गच्चीवर हलवायचा विचार असेल तर आधी हिशोब. दीड हजार लिटर पाणी, टबचं वजन आणि पाच माणसं मिळून सव्वादोन टन होतात. सात फूट बाय सात फुटांच्या टबाखाली चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार येतो. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दीडशे किलोच्या आसपास असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार आल्याशिवाय क्रेनवाल्याला फोन करू नका.