पट्टी आली, आता बारा महिने कसे काढायचे?

‘पगाराच्या वीस टक्के बचत करा’ हा शहरी सल्ला कोकणात पहिल्याच बैठकीत आपटतो, कारण बहुतेक घरांत पगारच नसतो. काजूबीचे पैसे मार्चपासून सुटे सुटे येतात, आंब्याचे एप्रिल-मेमध्ये एकदम येतात, मुंबईचे कधी येतात तर कधी राहतात. खर्च मात्र बारमाही. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात काम करू पाहणाऱ्या आर्थिक नियोजकाने आधी घराला पगार बांधून द्यावा. फंड, विमा, सोनं हे सगळं त्यानंतर.

बैठक मेअखेरीला घ्या. पट्ट्या, म्हणजे दलालाने पाठवलेले आंबाविक्रीचे हिशेब, जमलेल्या असतात, चाकरमानी अजून गावात असतात आणि शाळेचा खर्च तोंडावर असतो. गणपतीत सगळे भेटतात खरे, पण आरत्या-भजनांच्या धांदलीत हिशेबाला कोण बसणार? घरातल्या बाईला बैठकीत बसवाच. पुरुषमंडळींना फवारणीच्या औषधाचा भाव तोंडपाठ असतो, सिलिंडर किती दिवस पुरतो ते विचारलं की आतल्या खोलीकडे बघतात.

सोबत मागवायचे कागद: दलालाच्या पट्ट्या, सगळी पासबुकं, पीककर्जाचा खातेउतारा, विम्याच्या पॉलिसी, सोनेतारणाच्या पावत्या, सातबारा आणि आठ-अ. पट्टी वाचताना वरच्या भावाला भुलू नका. हमाली, भाडं, कमिशन आणि आधीची उचल वजा होऊन तळाला उरतो तोच आकडा घरात येतो. शिवाय हापूस एक वर्ष भरतो, एक वर्ष रुसतो, म्हणून किमान तीन वर्षांच्या पट्ट्या हव्यात, मिळाल्या तर पाच. सरासरी काढा आणि बेत त्याहून थोडा खालीच बांधा.

एका मध्यम बागायतदार घराचा नमुना असा. पट्ट्यांची निव्वळ बेरीज ५,४०,०००. त्यातून पुढच्या हंगामाचा बागखर्च २,१०,००० आधी बाजूला, कारण तो घरचा पैसा नव्हे, बागेचा आहे. उरले ३,३०,०००. काजूचे ५४,००० आणि मुंबईहून दरमहा ६,००० म्हणजे वर्षाचे ७२,००० मिळवले की घरासाठी ४,५६,००० होतात. आता ठोक खर्च: शाळा ३०,०००, गणपती २५,०००, विम्याचे हप्ते ३२,०००, पावसाआधीची कौलं-दुरुस्ती १५,०००, शिमगा १०,०००. एकूण १,१२,०००. राहिले ३,४४,०००. घराला महिना २२,००० पगार बांधला की वर्षाला २,६४,००० जातात आणि ८०,००० शिल्लक पडतात.

हे कागदावर राहिलं तर जूनमध्येच विस्कटतं. दोन खाती लागतात. पट्टीचे, काजूचे आणि मुंबईचे पैसे हंगाम-खात्यात जमा होतात आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात राहतं. तिथून दर ५ तारखेला २२,००० घर-खात्यात आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेत लिहून द्या. बागखर्चातले ६०,००० खत आणि कल्टार या मोहोरासाठीच्या औषधासाठी खात्यातच राहू द्या. १,५०,००० ची ठेव नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मोहोराच्या फवारण्यांआधी, परिपक्व होईल अशी करा. गणपतीची ठेव ऑगस्टच्या मध्यावर सुटायला हवी. सगळ्याची एकच मोठी ठेव केली, तर २५,००० साठी ती पूर्ण मोडावी लागते आणि व्याज कापलं जातं. ही चूक फार घरांत दिसते.

शिलकीचे ८०,००० पडत्या वर्षासाठी. शहरात सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज पुरते, कारण सहा महिन्यांत दुसरी नोकरी लागू शकते. इथे मोहोर जळला तर सहा महिन्यांत दुसरा आंबा येत नाही. म्हणून पूर्ण वर्षाचा घरपगार जमेपर्यंत, या घरात साडेतीन-एक वर्षं, एसआयपीचं, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकण्याचं, नाव काढू नका. पुढे काढाल तेव्हा मेमध्ये एकरकमी रक्कम लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा ठरावीक रक्कम इक्विटी (शेअरच्या) फंडात वळेल अशी एसटीपी लावा. खात्यातून थेट दरमहा हप्ता ठेवला, तर फेब्रुवारीत खातं रिकामं सापडतं आणि हप्ता परत जातो.

सगळ्यात अवघड गाठ दलालाच्या उचलीची. पावसाळ्यानंतर हातउसनी वाटणारी रक्कम घेतली की माल त्याच्याकडेच पाठवावा लागतो आणि भावाबद्दल बोलायची सोय उरत नाही. एका झटक्यात ती सुटत नाही. पहिल्या वर्षी बागखर्चाचा एक तृतीयांश पट्टीतून, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, उरलेला भाग पीककर्जातून. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती धरून व्याज शून्यावर येतं. एका दिवसापुरतं कर्ज काढून जुनं फेडायचं आणि लगेच नवं उचलायचं, असं ‘नवं-जुनं’ करत राहिलं तर खातं नियमित दिसतं, पण मुद्दल आहे तिथेच राहतं. लग्नासाठी तर पीककर्जाला हात लावूच नये.

ठेव कुठे ठेवायची, हा प्रश्न पतपेढीपाशी येतोच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. टक्का-दीड टक्का जास्त व्याजासाठी बागेचा पैसा तिथे ठेवणं योग्य नाही, चेअरमन घरचा असला तरी.

मासेमारी करणाऱ्या घरांचं गणित सोपं, पण शिस्त कडक. १ जून ते ३१ जुलै बंदी. महिन्याचा खर्च २०,००० असेल तर दोन महिन्यांचे ४०,००० उरलेल्या दहा महिन्यांत बाजूला पडायला हवेत, म्हणजे आठवड्याला साधारण हजार. महिन्याला ठरवू नका. पैसा आठवड्याला हातात येतो, बचतही आठवड्यालाच होते. जाळी आणि इंजिनाची दुरुस्ती याच दोन महिन्यांत निघते, तिचा डबा वेगळा.

विम्यात दोन गैरसमज आधी काढा. फळपीक विम्याची भरपाई तुमच्या बागेतलं नुकसान बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर असते, त्या वर्षीची तारीख बघून घ्या. दुसरं, पैसे परत देणारी पॉलिसी म्हणजे कुटुंबाचं संरक्षण नव्हे. कमावत्याला साधा टर्म विमाच हवा, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. पंतप्रधान जीवनज्योती ४३६ आणि सुरक्षा विमा २० रुपये, दोन्ही मिळून ४५६ रुपये मेअखेर खात्यात नसले तर संरक्षण तुटतं. निसर्ग (२०२०), तौक्ते (२०२१) आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्या भागात घराचा विमा अजूनही क्वचित दिसतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आणि पूर दोन्ही येतात.

या व्यवसायात उतरायचं तर वाट आधी ठरवा. फंड विकून कमिशन घ्यायचं असेल तर एनआयएसएम या रोखेबाजार प्रशिक्षण संस्थेची ५-ए परीक्षा आणि फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी हिचा एआरएन (वितरक नोंदणी) क्रमांक लागतो, पण मग पाटीवर ‘सल्लागार’ लिहिता येत नाही. फी घेऊन सल्ला द्यायचा तर एनआयएसएमच्याच १०-ए, १०-बी परीक्षा आणि बाजार नियामक सेबीची नोंदणी. एकाच घराकडून फी आणि कमिशन दोन्ही घेता येत नाही. गावात फी मागणं जड जातं, हे खरं. ती दरमहा न मागता जूनमध्ये, पट्ट्यांचा हिशेब संपल्यावर मागा.

उठण्याआधी सातबारा उघडा. आजोबांचं नाव तसंच असेल किंवा सामाईकात बारा नावं असतील, तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई सगळं त्याच पानावर अडतं. खात्याला नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असंही नाही. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देण्याचं काम कोणाचं, ते नाव आणि तारीख घालून वहीत लिहा, आणि मुंबईची माणसं गाडीत बसायच्या आत ज्याची सही लागते त्याची घ्या.