बोर्ड मागवण्याआधी यादी बघा
तासगावच्या द्राक्षबागेसाठी ठिबकचा कंट्रोलर झेफर या छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बनवताय? आधी ‘वेस्ट बोर्ड्स’ (west boards) ही कमांड चालवून झेफर चालणाऱ्या बोर्डांच्या यादीत आपला बोर्ड आहे का ते बघा. नुसती चिप चालते म्हणून निर्धास्त होऊ नका. क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) किती मेगाहर्ट्झचा, सिरियल (कॉम्प्युटरला मेसेज पाठवणारी लाइन) कुठल्या पिनवर, हे डिव्हाइसट्रीत, म्हणजे बोर्डाचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. चिपचं घड्याळ क्रिस्टलवर चालत असताना फाइलमध्ये १६ आणि बोर्डावर ८ चा निघाला, की २० मिनिटांचा व्हॉल्व्ह ४० मिनिटं उघडा राहतो, सिरियलवर नुसता कचरा दिसतो. सांगलीत आम्ही यापायी दोन दिवस वायरिंगच तपासत होतो! बोर्ड यादीत नसेल, तर तीच चिप असलेला बोर्ड निवडा आणि फरक तेवढा ओव्हरले फाइलमध्ये (मूळ फाइलवर बदल चढवणारी वेगळी फाइल) लिहा. मूळ फाइलला हात लावू नका.