थंडीतलं अॅक्वापोनिक्स: खाद्य घड्याळ नव्हे, थर्मामीटर बघून टाका

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा रात्रीचा पारा ४-५ अंशांवर येतो, धुकं कधी दुपारपर्यंत हटत नाही. अॅक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या बेडमधून फिरतं आणि त्यावरच भाजी वाढते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या अशा टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांत १५ अंशांखाली जातं. पालक, मेथी, लेट्यूस मात्र खुशाल वाढतात. वर सगळं हिरवंगार, म्हणून खाद्य रोजच्याइतकंच पडतं, आणि घोटाळा तिथेच होतो. माशांची भूक मेलेली असते, खाद्य तळाशी कुजून अमोनिया सुटतो, आणि त्याचं नायट्रेट, म्हणजे झाडांचं खत, करणारे जिवाणू गारठलेले असतात.

पाण्याचं तापमान दुपारी २ वाजता, थर्मामीटर खोल बुडवून मोजा. २० किलो मासे असतील तर २० अंशांच्या वर दिवसाला २०० ग्रॅम खाद्य पुरतं. १५ ते २० अंशांत १०० ग्रॅम, तेही एकदाच, मोजल्यावर लगेच. १५ च्या खाली तिलापियाला काहीच नको. सायप्रिनसला (कॉमन कार्प माशाला) चिमूटभर चालेल, १२ खाली त्यालाही बंद. १५ मिनिटांत न खाल्लेले दाणे चाळणीने काढून घ्या. तिलापिया १०-१२ अंशांत मरतोच. इथल्या थंडीसाठी सायप्रिनसच बरा.

रात्रभर खडीच्या बेडमधून पाणी फिरवणं म्हणजे चहा बशीत ओतून गार करणं. टायमर लावून पंप सकाळी १० ते ५ नेहमीसारखा आणि रात्री दर दोन तासांनी १५ मिनिटं चालवा. हवेचा पंप मात्र २४ तास, बॅटरीसह. टाकीभोवती २५ मिमी थर्माकोल, वर झाकण. हीटरचा विचार त्यानंतर: हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते, गळणारी उष्णता वेगळीच.

मेथीवर मावा आला तर साबणाचं पाणीही मारू नका, ते टाकीत उतरतं. शेंडे खुडा, साध्या पाण्याची फवार मारा.

माशांशिवाय नुसतं हायड्रोपोनिक्स, म्हणजे खत विरघळवलेल्या पाण्यावरची शेती, असेल तर लेट्यूसला ईसी (द्रावणातल्या क्षारांचं माप) १.२ ते १.८ mS/cm, पीएच ५.५ ते ६.५. गारठ्यात पानांखाली जांभळट झाक आली की लोक खताचा डोस वाढवतात. बहुतेक वेळा स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात असतं, थंड मुळं ते उचलत नाहीत. द्रावण १८ अंशांवर आणा.

अमोनिया १ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर गेला तर खाद्य थांबवून २०० लिटर पाणी बदला. तिघरा धरणाचं नळाचं पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी २४ तास उघडं ठेवून हवा सोडा. बोअरिंगचं कोमट पाणी घेत असाल तर आधी पीएच तपासा. ८ च्या वर असेल तर टाकीतला अमोनिया अधिक विषारी होतो. तसं नसेल तरी हळूहळू ओता, टाकीचं तापमान एका वेळी २ अंशांपेक्षा जास्त चढू देऊ नका.